खाडीवर पक्षी बघायला निघताना तिथी बघा

नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जायचं असलं की आपण नाशिककर घड्याळ बघतो. पहाटे निघायचं, निफाडमार्गे चापडगावच्या बाजूला उजाडायच्या आत पोचायचं, धुकं उठलं की बायनाक्युलर डोळ्याला. डिसेंबरातला कुठलाही रविवार चालतो. खाडीचं गणित पूर्ण वेगळं आहे, तिथे वार आणि तारीख कामाची नाही, तिथी लागते. हे मला ऐरोलीला होडीवर असलेल्या एका कोळी काकांनी शिकवलं, तेही बोटांवर हिशोब करून: तिथीची पाऊणपट करायची, जेवढे येतील तेवढ्या वाजता पाणी पूर्ण भरलेलं. चतुर्थी असली तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. एकादशीला सव्वाआठला. शुद्ध पक्ष असो नाहीतर वद्य, दोन्हीकडे हाच हिशोब, आणि तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मोबाईलवर भरतीचं टेबल मिळतंच, मी त्याच्याशी ताडून बघितलं, थोडाफार फरक पडतो इकडे-तिकडे, पण घरात भिंतीवर कालनिर्णय असलेल्या माणसाला नाशिकमधे बसून ठाण्याच्या खाडीत आत्ता पाणी चढतंय का उतरतंय हे सांगता येतं, मला हे फार भारी वाटलं.

हे एवढं का महत्त्वाचं, तर खाडीतल्या बहुतेक पक्ष्यांचं पोट झाडांवर नाही, चिखलावर चालतं. दिवसातून दोनदा चिखल पाण्याखाली जातो आणि दोनदा उघडा पडतो, आणि उघडा पडेल तेवढाच वेळ जेवायला मिळतो, मग ती वेळ पहाटे तीनची असो नाहीतर भर दुपारची. म्हणून खाडीवरचे पाणपक्षी रात्रीसुद्धा चरतात. आपली 'सकाळ लवकर, संध्याकाळ उशिरा' ही पक्षी बघायची सवय तिथे उपयोगी नाही. भर दुपारी साडेबाराला, ऊन मी म्हणत असताना, मी आयुष्यातली सगळ्यात चांगली बर्डिंग केलीय, कारण त्या दिवशी ओहोटी त्या वेळेला होती.

पाणी उतरायला लागतं ते बघणं हाच एक अनुभव आहे. आधी तिवरांची (ही खारफुटीची झाडं) टोकं टोकं दिसतात, म्हणजे झाडं नाही, झाडांभोवती चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वासमुळं, कारण खालच्या काळ्या चिखलात हवा जवळजवळ नसतेच, मग मुळंच वर येऊन श्वास घेतात. मग चिखल चकाकायला लागतो. मग निवट्या दिसतात, तो मासा पाण्याबाहेर पंखांवर सरपटत चालतो, उड्या मारतो, एकमेकांवर कल्ले फुगवून भांडतो. बारीक खेकडे बिळाच्या तोंडाशी येऊन एक मोठी नांगी हलवत बसतात. आणि पाण्याची कड जशी मागे सरकते तसतसे पक्षी तिच्या मागे सरकत येतात. काका म्हणाले, "ताई, आता घाई करू नका, पानी उतरू द्या, मंग ते सोता येतील." आणि आले खरंच. आधी तुतवार, मग छोटे चिखले, मग लाल पायांचे टिलवे ओरडत, मग लांब चोचीच्या गॉडविट पक्ष्यांचा एक मोठा थवा एकदम वळून चिखलावर उतरला आणि उतरताक्षणी सगळ्यांच्या चोची आत.

चोचींबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण 'एवढे वेगवेगळे पक्षी एकाच चिखलावर भांडण न करता कसे राहतात' याचं उत्तर तिथेच आहे. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो चार पावलं पळतो, थांबतो, बघतो, वरवरचं काही हललं की टिपतो, म्हणजे तो डोळ्यांनी शिकार करतो. गॉडविटची चोच लांब, सरळ, तो बघत नाही, तो चोच मुळापर्यंत खुपसतो आणि टोकाला असलेल्या संवेदनेवर आतला किडा ओळखतो. कुरलची चोच त्याहून लांब आणि खाली वाकलेली, खोल गेलेल्या अळ्या-किडे तो काढतो, आणि छोटा कुरल म्हणजे व्हिम्ब्रेल, त्याची वाकडी चोच खेकड्याच्या वाकड्या बिळात बरोबर बसते, तो खेकडा ओढून बाहेर काढतो, झटकून नांग्या तोडतो आणि गिळतो. टेरेक सँडपायपरची चोच उलटी, वर वळलेली, आणि तो खेकड्यांच्या मागे इतका वेडावाकडा धावतो की स्कोपमधे धरणं अवघड. म्हणजे एकाच चिखलाचे थर आहेत, वरचा एकाचा, दोन बोटं खालचा दुसऱ्याचा, वीतभर खालचा तिसऱ्याचा. मी नांदूरला वर्षानुवर्षं गॉडविट बघत आलेय, पण तिथे तो थव्यातला एक करडा पक्षी असायचा. चोच इतकी लांब कशाला हवी हे मला खाडीवर कळलं.

आता एक गोष्ट जी ऐकून बरेच जण नाराज होतात. खारफुटीच्या जंगलात आत, म्हणजे ऐन झाडीत, पक्ष्यांच्या जाती तशा कमीच असतात. जंगल म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे त्र्यंबक-हरसूलकडचं मिश्र रान येतं, शंभर तऱ्हेची झाडं, फळं, फुलं, किडे. इथे झाडांच्या जाती महाराष्ट्रात सगळ्या मिळून वीस-एक. तिवर, कांदळ, चिपी, हुरा, काटेरी मारांडी, अशी थोडी नावं पाठ केली की बरंचसं जंगल ओळखता येतं. खाण्यासारखी रसाळ फळं कमी, जमिनीवर पालापाचोळ्यात उकरावं तर दिवसातून दोनदा पाणी येऊन सगळं भिजवून जातं. त्यामुळे फक्त खारफुटीतच राहणारे पक्षी थोडे आणि तेही सगळीकडे नाहीत. सुंदरबन आणि ओडिशाच्या भितरकनिकाकडे मॅन्ग्रोव्ह पिट्टा आहे, तपकिरी पंखांचा मोठा खंड्या आहे, मॅन्ग्रोव्ह व्हिसलर आहे, यातला एकही आपल्या पश्चिम किनाऱ्याला नाही.

आपल्याकडचा मानकरी म्हणजे पांढऱ्या गळपट्ट्याचा खंड्या, कॉलर्ड किंगफिशर. वरून निळा-हिरवा, खालून पांढराशुभ्र, आणि गळ्याभोवती पांढरी पट्टी मागून पुढे पूर्ण फिरलेली. त्याची आपल्या किनाऱ्यावरची उपजात रत्नागिरीपासून दक्षिणेला केरळपर्यंत सापडते आणि तिचं शास्त्रीय नाव 'विदाली' हे विडाल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यावरून पडलंय, जो 19व्या शतकात दक्षिण कोकणात नोकरीला होता आणि तिथले पक्षी नोंदवत होता. मी तो सिंधुदुर्गात पाहिला. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत बचत गटातल्या बायका होडीतून कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, दाखवायला नेतात, वल्हवत, इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे पक्षी उडत नाहीत. ताईंनी वल्हं थांबवलं आणि नुसती मान वळवून दाखवलं, कांदळाच्या कमानीसारख्या मुळावर बसला होता, चोचीत खेकडा. आपल्या गोदाकाठच्या खंड्याएवढाच, पण रंग बघून माझा आवाजच बंद झाला.

दुसरा एक खंड्या खास हिवाळ्यात किनाऱ्यावर येतो, काळ्या टोपीचा. डोकं काळं, पाठ गडद निळी-जांभळी, पोट नारिंगी, चोच लालभडक. तो चीन-कोरियाकडे वीण करतो. त्याची संख्या इतकी घटली की 2022 मधे त्याला जागतिक यादीत 'असुरक्षित' या गटात टाकलं. मुंबईच्या आसपास उरण वगैरे भागात तो कधीमधी दिसतो, आणि दिसला की पक्षी बघणाऱ्यांचे सगळे ग्रुप पेटतात. (कृपा करून नेमकं झाड ग्रुपवर टाकू नका. कॅमेऱ्यांची रांग लागली की तो पक्षी खात नाही, नुसता बसून राहतो किंवा निघून जातो.)

जंगलाच्या आत कमी जाती आहेत म्हणजे जंगलाचं काम कमी असं मात्र अजिबात नाही. तिवरांच्या दाट फांद्यांवर रातबगळे दिवसभर झोपतात, छोटा हिरवा बगळा मुळांमधे अर्धा अर्धा तास न हलता उभा असतो, समुद्री बगळा, जो एक करडा-काळा आणि एक पांढरा अशा दोन रंगांत येतो, तो काठावर पंख अर्धे उघडून माशांमागे पळतो. पाणकोंबड्या आणि फटाकड्या मारांडीच्या काटेरी झुडपात घुसतात, वर शिंजीर फिरत असतात. आणि मुख्य म्हणजे तिवरांची पडलेली पानं कुजून त्याच चिखलात मिसळतात ज्यावर वर सांगितलेले सगळे पक्षी पोसले जातात. पानं खेकडे खातात, खेकडे कुरल खातो. जंगल आणि चिखल वेगळे काढताच येत नाहीत.

मिठाचं काय करतात हा प्रश्न मला पहिल्यापासून होता, कारण आपले नांदूरचे पक्षी गोड्या पाण्यातले आणि त्यातलेच कितीतरी खाडीवर दिसतात, चमच्या, पांढरा शराटी, चित्रबलाक, शेकाट्या, गॉडविट, दलदली भोवत्या. तर किनाऱ्यावरच्या बऱ्याच पाणपक्ष्यांच्या डोळ्यांच्या वरच्या बाजूला मिठाच्या ग्रंथी असतात, रक्तातलं जादा मीठ त्यातून वेगळं होऊन नाकपुडीवाटे खाऱ्या थेंबांनी बाहेर पडतं, आणि पक्षी खाऱ्या पाण्यावर राहायला लागला की ती ग्रंथी वाढते. तिवराचं झाडही असंच करतं. पानातून मीठ बाहेर टाकतं, ओहोटीच्या वेळी पान नीट बघा, कण चमकतात, जिभेला लावलं तर खारट लागतं. मी लावून बघितलंय.

आता रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. बहुतेक लोक खाडीवर त्यासाठीच जातात आणि त्यात काही चूक नाही. ठाणे खाडीचा साधारण 1690 हेक्टरचा भाग 2015 मधे फ्लेमिंगो अभयारण्य झाला, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन आणि बाकी पाणी-चिखल. 2022 मधे तो रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेला. आपलं नांदूरमध्यमेश्वर त्याआधी, 2020 च्या जानेवारीत जाहीर झालं होतं, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर, हे मी प्रत्येक ठाणेकराला सांगते. खाडीत दोन्ही जाती येतात. मोठा रोहित उंच, फिकट, गुलाबी चोचीचं टोक काळं. छोटा रोहित बुटका, जास्त गुलाबी, चोच गडद लाल-काळी. दोघंही डोकं उलटं करून चोच पाण्यात धरतात आणि जिभेने पाणी आत-बाहेर पंप करून गाळतात, पण छोट्याच्या चोचीतली गाळणी फार बारीक, तो सूक्ष्म शेवाळ गाळतो, मोठा बारीक कोळंबी-किडे घेतो. वीण इथे होत नाही, त्यासाठी ते कच्छच्या रणाकडे जातात.

खाडीत एवढं शेवाळ का, तर अभ्यासकांच्या मते मुंबई-ठाण्याचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातली पोषकद्रव्यं हे एक मोठं कारण. आणि इथे मला आपलं नाशिक दिसतं. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या धरणांत अप्पर वैतरणा आहे, ते आपल्या जिल्ह्यात आहे. वैतरणेचा उगम त्र्यंबकच्याच डोंगरांत. म्हणजे आपल्या डोंगरावर जुलैत पडलेला पाऊस मुंबईच्या नळातून, तिथून गटारातून, खाडीत. आणि नदी म्हणून जी वैतरणा उरते ती पालघरमधून जाऊन विरारच्या वरच्या बाजूला समुद्राला मिळते, तिथेही खाडी, तिथेही तिवरं. 'आमच्याकडे समुद्र नाही, आम्हाला काय त्याचं' असं नाशिकच्या एका निसर्गप्रेमी मंडळीत मी ऐकलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं.

आता थोडं काळजीचं. ओहोटीला पक्षी जेवतात, ठीक. पण भरतीला चिखल बुडाला की हजारो पक्षी जातात कुठे? तिवरांवर सगळे बसू शकत नाहीत, लांब पायांच्या रोहिताला किंवा गॉडविटला फांदीवर बसताच येत नाही. त्यांना उथळ पाण्याची, मोकळी, वरची जागा लागते, जुनी मिठागरं, पाणथळ तळी. पुढची ओहोटी येईपर्यंत ते तिथे एका पायावर उभे राहून विश्रांती घेतात. मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, त्या दिवशी ही जागा नसेल तर पक्षी हवेतच फिरत राहतो. नवी मुंबईत अशा तळ्यांवरून वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. भरतीचं पाणी आत यायची वाट बंद झाली की तळं सुकतं, पक्षी भरकटतात, रस्त्यावर येतात. 2024 च्या मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून चाळीसच्या आसपास रोहित मेले, ते फोटो बघून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

अजून एक, आणि हे मी जरा ठासून लिहितेय. हल्ली कुठल्याही कार्यक्रमात 'खारफुटी लावा' म्हणतात. लावा, पण जिथे होती आणि तुटली तिथे. उघड्या चिखलावर लावू नका. ठाणे खाडीत गाळ साचतोय, तिवरं स्वतःहूनच चिखलावर पुढे पुढे सरकताहेत, म्हणजे झाडांचं क्षेत्र वाढलं अशी बातमी येते तेव्हा काही ठिकाणी तेवढाच चिखल कमी झालेला असतो, आणि तिवरांच्या दाटीत कुरल उतरत नाही. कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाने 2005 पासून बंदी घातलीय, 2018 च्या निकालात भोवतालच्या 50 मीटर पट्ट्याचंही संरक्षण आलं, राज्यात वनखात्याचा कांदळवन कक्ष 2012 पासून आहे, हे सगळं फार चांगलं झालं. झाडांच्या बाजूने बोलणारे लोक आता आहेत. चिखलाच्या बाजूने बोलणारे मला फार कमी भेटलेत. चिखल दिसायला घाण दिसतो म्हणून असेल.

आणि गोदावरी. ब्रह्मगिरीवरून निघते, रामकुंडावरून जाते, नांदूरला कादवा तिला मिळते आणि तिथल्या बंधाऱ्यामुळेच आपलं अभयारण्य तयार झालं. पुढे जायकवाडी, मग नांदेड, तेलंगणा, आंध्र, 1465 किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला. तिथे मुखाशी काकीनाड्याजवळ कोरिंगा नावाचं अभयारण्य आहे, 1978 पासून, 235 चौरस किलोमीटर, बरंचसं कांदळवन. मासेमारी करणारी रानमांजर तिथे आहे, पाणमांजरं आहेत, आणि हिवाळ्यात पाणपक्ष्यांचे थवेच्या थवे. ते सगळं ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीन गोदावरीने आणलेल्या गाळाची. आपल्या भागातली माती त्यात आहे. पण वाटेतल्या धरणांत गाळ अडतो, 1970 च्या दशकात जेवढा गाळ समुद्रापर्यंत पोचायचा त्याच्या निम्म्याहूनही कमी 1990 च्या दशकात पोचत होता, आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी आत येतोय. गंगापूर धरणात गाळ साठला की आपण नाशिकमधे पाणीसाठा कमी झाला म्हणून बोलतो. त्या गाळाची वाट दुसऱ्या टोकाला कोणीतरी बघतंय, हे बोलत नाही.

जाणाऱ्यांसाठी कामाचं: ऐरोलीला वनखात्याचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून फ्लेमिंगोसाठी बोट सुटते, बोटीच्या वेळा भरतीवरच ठरतात म्हणून आधी बुकिंग करा. रोहितांसाठी जानेवारी ते एप्रिल, बाकी पाणपक्ष्यांसाठी नोव्हेंबरपासून. नाशिकहून सकाळी निघून खाडीवर पोचायला दहा-साडेदहा होतात, म्हणून मला दशमी-एकादशी सोयीची पडते, भरती आठच्या सुमाराला होऊन गेलेली असते, आपण पोचतो तेव्हा पाणी उतरत असतं आणि दुपारी दोनपर्यंत चिखल उघडा होत राहतो. उपास असेल तर डब्यात खिचडी घ्या, टोपी आणि पाणी भरपूर. पांढरा शर्ट नको. पुढच्या जानेवारीत मी कोरिंगाला जायचं ठरवतेय, रेल्वेने काकीनाड्यापर्यंत, नाशिकमधून कोणाला यायचं असेल तर कळवा, शुद्ध की वद्य एकादशी ते मिळून ठरवू, तिकडच्या भरतीच्या वेळा मात्र तिथल्या टेबलावरून बघाव्या लागतील, काकांची पाऊणकी पूर्व किनाऱ्याला तशीच लागू होत नाही.